दार उघडं आहे असं गाडीला वाटतं

खानापूर. पुनर्वसू लागून चार दिवस.

तरणा पाऊस कणकुंबी-जांबोटीकडून खाली उतरला की इकडच्या गाड्यांना एक ठरलेलं दुखणं जडतं. चारही दारं लावली, किल्ली काढली, तरी छतावरचा दिवा जळतोच. मग कुणी बल्ब काढून खिशात टाकतो, कुणी फ्यूज उपटतो. फ्यूजचा उपाय तर फारच आंधळा, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच फ्यूजवर घड्याळ आणि टेपची मेमरी असते, कधी सेंट्रल लॉकही. मुळात दिव्याला काही झालेलंच नसतं. कुठलं तरी दार उघडं आहे असं गाडीला वाटत असतं. ते दार शोधायचं, एवढंच काम.

आधी दिव्याची सरकपट्टी बघावी. तिला बहुधा तीन जागा असतात: चालू, दार, बंद. काच पुसताना हात लागून ती 'चालू'कडे गेलेली असते आणि लोक बॅटरीवाल्याला फोन लावतात. शिवाय नव्या गाड्यांत दार लावल्यावर दिवा दहा ते तीस सेकंद तेवतो आणि मंद होत विझतो. तेवढा धीर धरावा की!

पट्टी 'दार'वर असूनही जळत असेल तर मीटरमध्ये दाराची खूण पेटली आहे का पाहावं. पेटली असेल, किंवा रिमोट दाबल्यावर गाडी लॉक व्हायला नकार देत असेल, तर दोष दाराकडेच आहे. खूण विझलेली आणि दिवा मात्र चालू, असं असेल तर दिव्याचाच स्विच किंवा त्याची वायर.

जुन्या गाड्यांत खांबावर, दार टेकतं तिथे, रबरी टोपीचा एक पिन-स्विच असतो. दार लागलं की पिन आत दबते आणि अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी, तुटतो. दार उघडलं की पिन बाहेर येते आणि दिव्याला बॉडीचा अर्थ मिळतो. टोपी फाटली की पावसाचं पाणी आणि तांबडी माती आत जाते, पिन गंजून आतला पत्रा बॉडीला चिकटतो. एकेक पिन बोटाने दाबून पाहावी. जिथे दाबल्यावरही दिवा जात नाही, तिथला एक स्क्रू काढून स्विच बाहेर ओढावा. वायर सोडवण्याआधी तिला चिकटपट्टी लावून खांबावर डकवावं, नाहीतर ती भोकातून आत घसरते आणि पाच मिनिटांच्या कामात दुपार जाते. वायर सुटल्यावर दिवा विझला तर स्विच बदलायचा. नाही विझला तर दुसरं दार, किंवा वायरच कुठेतरी सोलून पत्र्याला लागली आहे.

नव्या गाड्यांत हा स्विच लॉकच्या आत असतो, दिसत नाही. तिथे युक्ती अशी: दार उघडं ठेवून लॉकचा जबडा, म्हणजे खांबावरची कडी पकडणारा भाग, स्क्रूड्रायव्हरने आत ढकलायचा. दोन वेळा 'टक' वाजलं पाहिजे. एकाच टकवर दार अर्धं लागलेलं धरलं जातं आणि दिवा राहू शकतो. चारही दारांवर हे करून, डिक्की नीट लावून, खूण कुठल्या दारामुळे जात नाही ते कळतं. आणि मग, हे विसरू नये, हँडल ओढून जबडा मोकळा करायचा. मिटलेल्या जबड्यावर दार आपटलं तर खांबावरची कडी त्यावर आदळते आणि लॉक वाकतं.

सापडलेल्या लॉकमध्ये डब्ल्यूडी-फॉर्टी मारून जबडा पंधरा-वीस वेळा हलवावा. बहुतेकदा तिथेच सुटतं. पण तो फवारा धुण्यापुरता; तो उडून जातो. वाळल्यावर पांढरं लिथियम ग्रीस द्यावं, नाहीतर पुष्य लागेपर्यंत पुन्हा तेच.

दिवा 'बंद'वर सरकवला की प्रश्न मिटला, हा समज महागात पडतो. दार उघडं असल्याचा निरोप जातच असतो, आणि काही गाड्यांतला कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, त्यामुळे झोपतच नाही. दिव्याचा हिशोब सोपा आहे: १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.८ अँपिअरच्या आसपास खातो. ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी वीस तासांत अर्ध्यावर येते. शनिवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी स्टार्टरला नुसती टकटक करते. बॅटरी जुनी असेल तर एक रात्र पुरते. दुरुस्तीनंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, ती आणि बॅटरीचं टोक यांच्या मधे मल्टीमीटर लावून, जबडे मिटवून, अर्धा तास थांबून करंट पाहावा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नये.

दुसऱ्या दिवशी.

निपाणी-चिकोडीकडची गोष्ट वेगळी. तिथे गंजापेक्षा धूळ. उसाच्या ट्रॅक्टरमागे फिरलेल्या गाडीच्या लॉकमधलं ग्रीस मातीबरोबर मिसळून खळीसारखं घट्ट होतं. तिथे आधी ब्रशने खरवडणं, मग फवारा.

बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर त्याच्या जोडाकडे लवकर वळावं. काळ्या टेपने गुंडाळलेले ते जोड ओल धरतात. एलईडी बल्ब घातल्यावर बंद दिवाही मिणमिणतो, तो बिघाड नव्हे. किंचित गळका करंट त्याला पुरतो, साध्या बल्बला पुरत नाही.

आणि सगळी दारं ठीक असूनही दिवा मनाला येईल तेव्हा लागत असेल, तर ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलावी. खालचा गालिचा ओला असेल तर काचेच्या बुडाशी पानं अडकून पाण्याची वाट बुजलेली असते, आणि ते पाणी डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सवर टपकत असतं. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढावं, मग कनेक्टर. पिनांवर हिरवट पूड दिसेल.