आमची वाटचाल: बॉयलरच्या आतली वर्षं

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॅटचा पहिला संच 1983 साली लागला. त्यानंतर ऊर्जानगर-दुर्गापूरच्या आजूबाजूला ठेकेदारांची जी फळी तयार झाली, त्यातलेच आम्ही. काम प्रेशर पार्ट्सचं, म्हणजे बॉयलरमधल्या दाबाखालच्या नळ्यांचं: पाणी आधी तापवणारा इकॉनॉमायझर, वाफ आणखी तापवणारा सुपरहीटर, भट्टीच्या भिंतीची वॉटरवॉल. हंगाम पावसाळ्याचा. पाऊस लागला की शेतीपंप थांबतात, मागणी उतरते, कोळसाही ओला येतो. मग एकेक संच वार्षिक ओव्हरहॉलला निघतो.

सुरुवातीला फर्म म्हणजे मी आणि आमचे मिस्त्री. पैसा माझा, हात त्यांचा. इकॉनॉमायझरच्या कॉइल इतक्या दाट असतात की नळीच्या मागच्या बाजूला डोळा पोहोचत नाही. तिथं मिस्त्री वाकवलेल्या सळईला बसवलेला छोटा आरसा लावायचे आणि आरशात बघून आर्गन वेल्डिंगचा रूट, म्हणजे जोडाचा पहिला थर, मारायचे. आरशात बघून भांग पाडताना हात उलटा जातो ना, तसंच हे, फक्त इथं हातात टॉर्च आणि समोर वितळलेलं लोखंड. तो आरसा ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांचा जॉइंट एक्स-रेत नापास झालेला मी पाहिलेला नाही.

मग ती बाहेरची ठेकेदार पार्टी आली. नाव घेत नाही, लाइनीतल्यांना कळेल. जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात आमचं नेहमीचं काम होतं. तिथं एस्टिमेटच्या कितीतरी खाली दर टाकून ही मंडळी एल-1, म्हणजे सर्वांत कमी दराची, ठरली. वर आमचेच एचपी (उच्च दाबाच्या नळ्यांचे) वेल्डर ॲडव्हान्स देऊन फोडले. त्या दरात आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) पास वेल्डर, रेडिओग्राफी (जोडांचा एक्स-रे) आणि मचाण बसतच नाही. टेंडर उघडणाऱ्यांना हे दिसलं नसेल?

त्यांचं काम संपून संच सिंक्रोनाइझ झाला, म्हणजे ग्रिडला जोडला, आणि आठवड्याच्या आत इकॉनॉमायझर फुटला. 210 चा संच पूर्ण भारावर तासाला 2 लाख 10 हजार युनिट देतो. तो बंद पडला की केंद्राच्या साहेबांना कोण आठवणार? आम्ही. “आधी काम करा भाऊ, ऑर्डर मागून काढू.” बॉयलर धड थंडही झाला नव्हता, तरी मिस्त्री मॅनहोलमधून आत. एक नळी फुटली की तिचा झोत शेजारच्या नळ्या खातो, म्हणून त्याही कापल्या, बदलल्या. हायड्रोला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला, एक थेंब नाही. संच चालू झाला, फोटो निघाले, सत्कार झाला. आमचा नाही.

बिल वर्षाच्या वर फिरत राहिलं. ऑर्डर नव्हती, म्हणून ऑडिटचा आक्षेप. ऑर्डर कोणी काढायची होती, हे कोणी विचारलं नाही. तेवढ्यात ट्यूब बेंडिंग मशीन विकलं, आर्गनचे सेट गेले, पीएफ थकला. फर्म मिटल्यातच जमा होती.

तरलो ते एका लहान कारखान्याच्या कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःपुरती वीज करणाऱ्या, प्लांटमुळे. एएफबीसी बॉयलर, म्हणजे खालून हवा फुंकून तरंगत्या थरात कोळसा जाळणारा; त्या थरातल्या नळ्या, बेड कॉइल, घासून पातळ झालेल्या. तिथल्या बॉयलरच्या साहेबांनी आधी पैसे दिले, आर्गनची सिलिंडरं स्वतःच्या स्टोअरमधून काढून दिली आणि मिस्त्रींना कँटीनमध्ये आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. त्यांचं काम आजही सगळी कामं बाजूला ठेवून करतो.

पुढची वर्षं नीट गेली.

नव्या पोरांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. बॉयलर उघडला की पहिल्याच दिवशी स्वतःचा डी-मीटर (नळीची जाडी मोजणारं यंत्र) लावा आणि जाडीच्या नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या. आपल्या कोळशातली राख साडेचार मिलिमीटरची नळी अडीचवर आणते, आणि सही नसेल तर ती तुम्हीच झिजवली असं ठरतं. 7018 चे वेल्डिंग रॉड सुकवणीच्या भट्टीतून काढा ते थेट होल्डरला लावा, खिशात घेऊन फिरू नका. आणि साहेब कितीही भला असो, आत शिरण्याआधी दोन ओळींचा मेल मागा.

यंदाच्या पावसाळ्यासाठी आयबीआर पास, टिग (आर्गन) आणि आर्क दोन्ही मारणारे वेल्डर हवे आहेत. त्या पार्टीकडून परत येणारेही चालतील, पण आधी टेस्ट कूपन, म्हणजे चाचणीचा नमुना जोड, मारून दाखवावं लागेल.