दहा लाख सह्यांनंतरचं काम

ब्रसेल्समध्ये प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांच्या मोहिमांत आम्ही अर्ज भरण्यापासून कायद्याच्या दुरुस्त्या लिहिण्यापर्यंतची कामं केली आहेत. नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: दहा लाख सह्या जमवायच्या कशा? त्या जमतात. गाडी अडते ती त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर.

आधीचं काम म्हणजे मागणीचे शब्द. दहा लाख नागरिकांच्या सह्यांनी युरोपीय आयोगाकडे कायद्याची मागणी करायची सोय म्हणजे 'युरोपियन सिटिझन्स इनिशिएटिव्ह'. या मार्गाने जायचं तर सात वेगवेगळ्या सदस्य देशांत राहणाऱ्या किमान सात मतदार नागरिकांचा गट लागतो. शीर्षक १०० कॅरेक्टरमध्ये, उद्दिष्ट ११०० मध्ये, जोडपत्र ५००० मध्ये. मागणी युरोपीय आयोगाच्या (युरोपीय संघात कायद्याचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेच्या) अधिकाराबाहेरची आहे हे उघड दिसलं तर नोंदणीच होत नाही. म्हणून 'क्रौर्य थांबवा' असं लिहून भागत नाही. कोणता प्राणी, कोणतं साधन, आयोगाने नेमका कोणता कायदा मांडावा, हे लिहावं लागतं.

शब्दाची किंमत अंडी देणाऱ्या कोंबड्यांबद्दलच्या १९९९ च्या निर्देशाने (युरोपीय संघाच्या कायद्याने) शिकवली. १ जानेवारी २०१२ पासून युरोपात कोंबड्यांचे पिंजरे बंद, असं लोक अजून सांगतात. बंद झाले ते साधे पिंजरे, ज्यांत एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर जागा असे. बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा आणि नखं झिजायची सोय असलेला ७५० चौरस सेंटिमीटरचा पिंजरा कायदेशीरच राहिला. आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदापेक्षा थोडी जास्त जागा, बस. त्यातही बारा वर्षांची मुदत मिळूनसुद्धा तारीख उजाडली तेव्हा १३ देशांची तयारी झाली नव्हती आणि आयोगाला त्यांना नोटिसा पाठवाव्या लागल्या. म्हणून २०१८ मध्ये 'एंड द केज एज' ही पिंजऱ्यांविरुद्धची सह्यांची मोहीम नोंदवताना मागणीत यादीच दिली होती: अंडी देणाऱ्या कोंबड्या, ससे, तलंगा, पैदाशीच्या कोंबड्या, लाव्या, बदकं, हंस, डुकरिणींचे विण्याचे कठडे आणि अरुंद खोडे, वासरांचे एकट्याचे कप्पे. यादी रुक्ष वाटते, पण जे यादीत नाही ते पळवाट होतं.

आता सह्या. मुदत बारा महिने. एकूण दहा लाख, आणि किमान सात देशांत ठरलेला उंबरठा ओलांडायचा. उंबरठ्याचं सूत्र सोपं आहे: त्या देशाचे युरोपीय संसदेतले खासदार गुणिले त्या संसदेची एकूण सदस्यसंख्या. ७०५ जणांची संसद असताना जर्मनीसाठी ९६ गुणिले ७०५ म्हणजे ६७,६८० आणि माल्टासाठी ६ गुणिले ७०५ म्हणजे ४,२३०. जर्मनीत सह्या भरभर वाढतात म्हणून सगळा पैसा तिथे ओतणं ही नेहमीची चूक. मोहीम आठ-नऊ देशांत उंबरठ्याच्या वर ठेवावी, कारण तपासणीत एखादा देश खाली घसरतोच.

सह्या बाद होतात त्या बहुतेक साध्या कारणांनी. सही मोजली जाते ती नागरिकत्वाच्या देशात, राहण्याच्या नव्हे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या इटालियन माणसाची सही इटलीच्या खात्यात जाते आणि इटलीला ओळखपत्राचा क्रमांक लागतो. जर्मनीला पत्ता आणि जन्मतारीख पुरते. कागदी फॉर्म एका वेळी एकाच देशाच्या नागरिकांसाठी असतो. जत्रेतल्या टेबलावर स्वयंसेवक एकाच कागदावर तीन देशांचे लोक भरतो आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठा बिघडतो. देशवार रंगीत फायली करा, दुसरा उपाय नाही. 'एंड द केज एज'ला साधारण सोळा लाख सह्या मिळाल्या, तपासणीनंतर उरल्या १३,९७,११३. आमचा आडाखा असा, की गरजेपेक्षा वीस टक्के जास्त जमवल्याशिवाय थांबू नये.

नोंदणी झाल्यावर सहा महिन्यांच्या आत सुरुवातीची तारीख आपणच निवडतो. जुलै-ऑगस्टमध्ये युरोप सुट्टीवर असतो, तेव्हा सुरू करू नये. आकडा गाठला तर मुदतीआधीही थांबता येतं: प्राण्यांच्या फरविरुद्धच्या 'फर फ्री युरोप'ने १८ मे २०२२ ला सुरुवात करून १ मार्च २०२३ ला मोहीम बंद केली, वैध सह्या १५,०२,३१९. सही करणाऱ्याचा तपशील पुढच्या पत्रव्यवहाराला वापरता येत नाही आणि तो ठरावीक मुदतीत नष्ट करावा लागतो. ईमेलसाठी वेगळी संमती घ्या, नाहीतर पुढच्या दोन वर्षांत या पंधरा लाखांतल्या एकालाही हाक मारता येणार नाही. एका देणगीदाराकडून ५०० युरोपेक्षा जास्त आले तर ते जाहीर करायचं, हेही पहिल्या दिवसापासून वहीत टिपावं.

तपासणी देशोदेशीचे अधिकारी तीन महिन्यांत करतात. मग सह्या आयोगाकडे, तीन महिन्यांत संसदेत सुनावणी, सहा महिन्यांत आयोगाचं उत्तर. इथेच लोक फटाके उडवतात. आयोगावर बंधन आहे ते उत्तर देण्याचं, कायदा करण्याचं नाही. पिंजऱ्यांच्या बाबतीत १० जून २०२१ ला संसदेने ५५८ विरुद्ध ३७ मतांनी पाठिंबा दिला. ३० जूनला आयोगाने २०२३ अखेरपर्यंत प्रस्ताव आणण्याचं लेखी कबूल केलं. २०२३ च्या डिसेंबरात आले ते प्राण्यांची वाहतूक आणि कुत्री-मांजरं यांबद्दलचे प्रस्ताव. पिंजऱ्यांचा आला नाही, आणि २०२४ मध्ये मोहिमेच्या समितीला आयोगाविरुद्ध लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयात जावं लागलं.

त्यामुळे सह्या चालू असतानाच दुसरं काम सुरू हवं. ट्रान्सपरन्सी रजिस्टरमध्ये (धोरणांवर प्रभाव टाकू पाहणाऱ्या संस्थांच्या अधिकृत नोंदवहीत) नाव नसेल तर आयोगाचे वरिष्ठ अधिकारी भेटत नाहीत, तेव्हा ते आधी उरका. प्रस्ताव आल्यावर संसदेच्या समितीत एक रॅपोर्टर, म्हणजे त्या प्रस्तावाची जबाबदारी घेणारा खासदार, नेमला जातो आणि त्याच्या कामावर नजर ठेवणारे बाकीच्या राजकीय गटांचे शॅडो रॅपोर्टर. त्यांना दहा पानी अहवाल देऊ नये. दुरुस्ती त्यांच्याच साच्यात द्यावी: डाव्या रकान्यात आयोगाचा मजकूर, उजव्यात आपला, खाली दोन ओळींचं कारण. कलमासोबत प्रस्तावनेतला परिच्छेदही बदलायचा, नाहीतर दोन्हींत विसंगती राहते आणि वाटाघाटीत पहिली कात्री आपल्या ओळीवर चालते. वैज्ञानिक आधारासाठी युरोपियन फूड सेफ्टी अथॉरिटीचं मत असेल तर तेच द्यावं. आपल्याच संस्थेच्या अहवालाला समोरचा वकील पाच मिनिटांत बाजूला सारतो.

सदस्य देशांचे मंत्री बसतात त्या मंत्रिपरिषदेचं गणित वेगळं. मंजुरीला २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येचे चार देश एकत्र आले तर गाडं अडतं. ब्रसेल्समधल्या मुत्सद्द्याला भेटून फारसं हाती लागत नाही, कारण त्याला भूमिका राजधानीतून लिहून येते. वॉर्सा, माद्रिद, रोम इथल्या कृषी मंत्रालयात स्थानिक संस्थेने आधी पोचायला हवं. शेतकरी संघटना तिथे कधीच पोचलेल्या असतात, आणि बदलाचा खर्च कोण देणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर (अनुदान, मुदत, आयात मालालाही तोच नियम) खिशात नसेल तर बैठक मागू नये.

जर्मनी-नेदरलँड्समधली मराठी मंडळी विचारतात की आम्हाला सही करता येते का. भारतीय पासपोर्टवर नाही. पण युरोपीय संसदेकडे याचिका देण्यासाठी नागरिकत्व लागत नाही, तिथे राहत असलात तरी पुरे. आणि आयोगाच्या 'हॅव युवर से' संकेतस्थळावर प्रस्तावानंतरच्या आठ आठवड्यांत कुणीही मत नोंदवू शकतो. तिथे तयार मजकूर चिकटवू नका, एकसारखी मतं एका ओळीत गुंडाळली जातात. एकच कलम घ्या, क्रमांक लिहा आणि त्यातला कोणता शब्द बदलायचा तेवढं सांगा.