प्रोव्होच्या ग्रंथालयात मॅक्स स्टायनरचे कागद

बाबांनी मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बरीच वर्षं व्हायोलिन वाजवलं. सकाळी स्टुडिओत पोचायचं, अरेंजरने रात्र जागून लिहिलेले पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं त्याचे कागद, स्टँडवर लागलेले असायचे, दोन-तीन तालमी व्हायच्या आणि मग टेक. टेक ओके झाला की कागद गोळा केले जायचे. पुढे त्यांचं काय होई, हे बाबांना आजही सांगता येत नाही. घरात व्हायोलिन आहे, जुने फोटो आहेत. वाजवलेल्या गाण्यांपैकी एकाचाही कागद नाही. म्हणूनच एका सिनेमा संगीतकाराचे कागद अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जपून ठेवलेत असं कळल्यावर मला राहवलं नाही.

तो संगीतकार म्हणजे मॅक्स स्टायनर. जन्म १८८८, व्हिएन्ना. घराणं नाटकवाल्यांचं: आजोबा तिथल्या मोठ्या थिएटरचे चालक, आणि प्राटर बागेतला प्रसिद्ध आकाशपाळणा १८९७ साली उभा राहिला तो वडिलांच्या पुढाकाराने. १९१४ साली तो अमेरिकेत आला, १९२९ साली हॉलिवुडमध्ये. ‘किंग काँग’, ‘गॉन विथ द विंड’, ‘कॅसाब्लांका’ यांचं संगीत त्याचं. सिनेमे तीनशेच्या घरात, ऑस्कर तीन. १९७१ साली तो गेला आणि दहा वर्षांनी, १९८१ साली, त्याचे कागद युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आले.

प्रोव्होला जायला सॉल्ट लेक सिटीचा विमानतळ सोयीचा. तिथून ट्रॅक्स या शहरी रेल्वेची हिरवी लाइन पकडून नॉर्थ टेंपलला उतरा आणि फ्रंटरनर या लोकल गाडीत बसा. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रोव्हो स्टेशनबाहेर यूव्हीएक्स बस उभी असते, ती विद्यापीठापर्यंत नेते. मी गेले तेव्हा तिला तिकीट नव्हतं. रविवारी मात्र ना फ्रंटरनर धावते ना ग्रंथालय उघडतं, त्यामुळे शनिवारी-रविवारी पोचण्याचा बेत करू नका. सोमवार ते शुक्रवार धरा.

गाव साडेचार हजार फुटांवर आहे, हवा कोरडी, डोंगर अगदी अंगावर आलेले. त्यातल्या एकावर पांढरं भलंमोठं ‘वाय’ अक्षर आहे, त्यामुळे दिशा चुकत नाही. विद्यापीठ चहा-कॉफी वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं आहे. आवारात चहा-कॉफी विकत मिळत नाही, तेव्हा सकाळचा चहा मुक्कामाच्या जागीच पिऊन निघा. सत्र चालू असताना मंगळवारी अकराच्या सुमारास सगळं आवार प्रार्थनासभेला जातं. तासभर बरेचसे काउंटर बंद असतात. त्या वेळेत जेवून घेणं उत्तम.

हॅरॉल्ड बी. ली ग्रंथालयात मुख्य दारातून शिरलात की तुम्ही तिसऱ्या मजल्यावर असता. स्टायनरचे कागद ज्यात आहेत तो विशेष संग्रह पहिल्या मजल्यावर, म्हणजे जमिनीखाली आहे. खाली उतरायचं आहे हे लक्षात ठेवा.

निघण्याआधी संग्रहाची सूची इंटरनेटवर नीट वाचा आणि कोणत्या पेट्या, कोणत्या जिल्दा हव्यात ते क्रमांकासह ईमेलने कळवा. ‘सगळं बघायचंय’ असं सांगितलं तर कोणीच मदत करू शकत नाही, कारण नुसत्या संगीताच्या कागदांच्याच शंभराहून जास्त बांधीव जिल्दा आहेत. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायचे तर आधी विचारा. आणि एक गोष्ट मनात पक्की असू द्या: कागद ग्रंथालयात असले तरी संगीताचे हक्क बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाकडे असतात. छापायचं किंवा वाजवायचं असेल तर ती परवानगी वेगळी.

मी ‘कॅसाब्लांका’ मागवलं होतं. कारण ती गोष्ट मला माहीत होती. त्या सिनेमातलं ‘ॲज टाइम गोज बाय’ हे गाणं स्टायनरचं नाही, हर्मन हपफेल्डचं. ते आधीचं जुनं गाणं. स्टायनरला ते नको होतं, त्या जागी स्वतःचं गाणं हवं होतं. पण त्यासाठी प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले असते आणि नायिका इन्ग्रिड बर्गमनने तोवर पुढच्या सिनेमासाठी केस कापले होते. गाणं राहिलं. मग त्या माणसाने काय केलं? नको असलेल्या त्याच चालीतून अख्ख्या सिनेमाचं पार्श्वसंगीत विणलं. कधी ती हळुवार येते, कधी मोडून पडते, कधी फ्रान्सच्या राष्ट्रगीताला येऊन भिडते. पडद्यावर हे ऐकलेलं होतंच. कागदावर, त्याच्या पेन्सिलीत ते पाहताना माझा घसा दाटला. न आवडलेल्या चालीसाठी इतके कष्ट घेणारा माणूस समोर दिसत होता.

पेन्सिलीतली ही स्केचेस म्हणजे संगीताचे कच्चे आराखडे, पूर्ण वाद्यवृंदाची नोटेशन नव्हेत. साधारण चार ओळींत सगळं संगीत मांडलेलं, कोणतं वाद्य कुठे ते त्रोटक खुणांनी लिहिलेलं. स्टायनर सेकंदाच्या हिशोबाने लिहायचा; वादकांच्या कानात ठोके सोडून चित्राशी संगीत जुळवणारा क्लिक ट्रॅक रुळवणाऱ्या पहिल्या संगीतकारांपैकी तो एक. ही स्केचेस अनेकदा ह्यूगो फ्रीडहोफरकडे जात आणि तो त्यांचा पूर्ण विस्तार करी. म्हणून समासात जागोजागी ‘ह्यूगो’ अशी हाक आहे: सूचना, विनवण्या, थट्टा. रात्री उशिरापर्यंत काम करणारी दोन माणसं कागदावरून एकमेकांशी बोलताहेत. फ्रीडहोफरला पुढे ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’साठी स्वतःचा ऑस्कर मिळाला.

आपल्याकडेही अशी माणसं होती. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आणि गोव्यातून मुंबईला आलेले कितीतरी अरेंजर. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवी, हे लोक ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवून साठ-सत्तर वादकांत वाटून देत. कुणाच्या माळ्यावर अजून अशा वह्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. कोरड्या जागी ठेवा, पानापानाचे फोटो काढा, कोणत्या सिनेमाचं आणि कोणाच्या हातचं ते मागे पेन्सिलीने लिहा. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

नोटेशन वाचता येत नसेल तरी प्रोव्होला जायला हरकत नाही. पत्रं आहेत, फोटो आहेत, आणि १९६०च्या दशकात लिहिलेल्या आत्मचरित्राची टंकलिखित प्रतही आहे. हे आत्मचरित्र त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. मी दुसरा दिवस त्यालाच दिला. पहिल्याच दिवशी ते वाचायला हवं होतं. समासातला थट्टेचा सूर मग लवकर उमगला असता. तुम्ही तरी हाच क्रम ठेवा, आणि किमान तीन दिवस हाताशी ठेवा.

स्टायनरचं सगळं काही मात्र इथे नाही. ‘कॅसाब्लांका’ बनवणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सचं संगीत-दप्तर लॉस एंजलिसला, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. ‘गॉन विथ द विंड’चा निर्माता सेल्झनिक याचे कागद ऑस्टिनला, हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये. कोणत्या सिनेमामागे जायचंय ते आधी ठरवा, मगच तिकीट काढा.

शेवटच्या दिवशी ‘कॅसाब्लांका’च्या संगीताचे आठ बार (तालाची आवर्तनं) पेन्सिलीने उतरवून घेतले आणि रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. त्यांनी चष्मा चढवला, डाव्या हाताची बोटं टेबलावर फिरू लागली. दोनदा सगळं म्हणून बघितलं.

“अगं, हे तर कच्चं झालं,” ते म्हणाले. “व्हायोलिनला नेमकं काय दिलंय ते त्या ह्यूगोने लिहिलं असेल ना? ते कुठे बघायला मिळेल?”

मार्चमध्ये लॉस एंजलिसला जातेय.