तुम्ही विचारलंत म्हणून: रोलेक्स घ्यावं की सोनं?

मी घड्याळं दुरुस्त करतो. हल्ली सेल बदलायला आलेली मुलंही जाता जाता विचारतात, "काका, रोलेक्स घेतलं तर सोन्यासारखे पैसे वाढतात म्हणे, खरं का?" त्यांना मी उलट विचारतो, घालायला हवंय की ठेवायला?

नुसती वेळ बघायची असेल तर तो प्रश्न 1969 सालीच निकालात निघाला. त्या वर्षी नाताळच्या दिवशी सेइकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं, मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीला आणलं. आजच्या साध्या सेलच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तर चावीच्या उत्तम मशीनचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, आठ ठोके देतं. स्विस क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरलेल्या घड्याळाच्या, प्रमाणपत्रातसुद्धा दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. तेवढा फरक पडायला सेलच्या घड्याळाला आठवडा तरी लागतो. लोकल गाठायला सोनाटा पुरे.

आता पैशाचं. पाटली मोडायला नेली की सराफ वजन करतो, कस लावतो, घट कापतो आणि पैसे हातावर ठेवतो. ती कुणाच्या हातातली, हे तो विचारत नाही. घड्याळाला नेमकं तेच विचारतात. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरवर गेलं. केस, म्हणजे बाहेरचं कवच, साध्या स्टीलची, पण मागच्या झाकणावर 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचा बायकोचा निरोप कोरलेला. किंमत त्या मनगटाची होती. एवढा पैसा अंगावर घालून कुठेही नेता येतो, हे खरं. पण तिथे ते घड्याळ ओळखणारा गिऱ्हाईक भेटला तरच. आणि भाव उतरतातही. 2022 च्या सुरुवातीला सेकंडहँड रोलेक्सचे भाव कडाडले होते, मग बरेच खाली आले.

ज्याला पुढे विकायचंय, त्याने घड्याळाला हात लावू देऊ नये. आजोबांचं ओमेगा घेऊन लोक येतात आणि म्हणतात, नव्यासारखं करून द्या. बफिंग केलं, म्हणजे घासून चकाकी आणली, की केसच्या धारदार कडा गोल होतात. डायल नव्याने रंगवली की भिंगाखाली लगेच कळतं: अक्षरं जाड झालेली, मिनिटांच्या रेघा खुणांवर चढलेल्या, सहाखालचं 'स्विस मेड' सरकलेलं. जगभरचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून बाजूला सारतात. हे नाव ऐकलं की मला फार लागतं. इथल्या ज्या कारागिरांनी वेस्ट एंड आणि एचएमटी ही जुनी घड्याळं पिढ्यान् पिढ्या चालती ठेवली, त्यांच्या हाताला जात्याच कसब आहे. गिऱ्हाइकाला घालायला घड्याळ हवं होतं, ते त्यांनी दिलं.

नुसतं लॉकरमध्ये ठेवलंत तरी मशीनमधलं तेल सुकतं. पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च येतो तो येतोच. सोन्याला तो नाही. म्हणून बचतच करायची असेल तर मी सोनंच सांगतो.

तरीही जीव जडला असेल तर जरूर घ्या आणि रोज घाला. बॉक्स आणि गॅरंटी कार्ड जपा. सर्व्हिसिंगला देताना 'पॉलिश नको' असं पावतीवर लिहून घ्या, आणि काटे, चावी, काच, जे काही बदललं जाईल ते जुनं पाकिटात घालून परत मागा.