हातांना काय वाटलं तेही लिहा

सातवीत असताना विज्ञानाच्या बाईंनी टेबलावर तीन पातेली मांडली होती. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, मग दोन्ही एकदम कोमट पाण्यात. एका हाताला ते पाणी गार लागलं, दुसऱ्याला गरम. तापमापीवर आकडा मात्र एकच. आम्ही प्रयोगवहीत ‘निरीक्षण’खाली तो आकडा लिहिला आणि वही मिटायला लागलो. बाई म्हणाल्या, “हातांना काय वाटलं तेही लिहा. तेही घडलंच आहे.”

पुढे मी मिरजेत शिकले आणि भूलतज्ज्ञ झाले. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन सगळं मॉनिटरवर दिसतं. मेंदूच्या विद्युतलहरींवरून भूल किती खोल आहे हे ० ते १०० या मापात दाखवणारं यंत्रही आहे. शस्त्रक्रियेत तो आकडा साधारण ४० ते ६० ठेवतात. आकडा पन्नास असला की पेशंटला काहीच जाणवत नसणार, असं आम्ही धरून चालतो. ते धरून चालणंच आहे, दिसत काही नाही.

१९७७ मध्ये टन्स्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने सिझेरियनच्या वेळी एक साधी युक्ती केली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही. मग सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. या पद्धतीत काही पेशंट खरोखर हात दाबतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांतल्या बहुतेकांना काहीही आठवत नाही! हात दाबला गेला हे आम्ही पाहिलेलं असतं. त्या क्षणी त्या बाईला काय होत होतं, याची साक्षीदार ती एकटी, आणि तिच्याकडेही ते उरलेलं नाही.

काही सहकारी म्हणतात, पुढेमागे स्कॅनमध्ये सगळं कळेल. मला पटत नाही. माणसं किती जागी होती, नंतर त्यांना काय आठवलं, याच्याशी लहरी ताडूनच ते माप बसवलं गेलं. यंत्राच्या आधी माणसाचं सांगणं आहे, आणि ते वगळलं तर पन्नास या आकड्याला अर्थच उरत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी विचारते, “काकू, झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतंय? जाग आल्यावरचं पहिलं? आणि मधलं काही?” त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहिते, ‘काय न्हाई बघा’ असलं तरी.