टचपॅड पारखताना: आधी संथ रेघ, मग खटका

लॅपटॉपचा एसएसडी बदलता येतो, बॅटरी नवी टाकता येते, बऱ्याच मॉडेलांत रॅमही वाढवता येते. टचपॅड मात्र जो मिळाला तोच बहुधा शेवटपर्यंत राहतो. काही लॅपटॉपमध्ये तो वरच्या कव्हरलाच चिकटवलेला असतो, म्हणजे बदलायचा तर अख्खं कव्हर बदलावं लागतं. तरीही तुलनेच्या तक्त्यात त्याच्या वाट्याला फार तर लांबी-रुंदी येते, आणि लांबी-रुंदीवरून त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

टचपॅडचा कस लागतो तो सगळ्यात संथ हालचालीत. पॅडच्या पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट टेकलं की तिथली विद्युत धारिता (वीजभार साठवायची क्षमता) बदलते. दोन पट्ट्यांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असल्यामुळे बोटाची नेमकी जागा थेट मोजली जात नाही. आजूबाजूच्या पट्ट्यांवर किती बदल झाला यावरून कंट्रोलर, म्हणजे पॅडची चिप, ती गणिताने काढतो. संकेत स्वच्छ असेल तर उत्तर नेमकं येतं. त्यात विद्युत गोंगाट मिसळला की स्थिर बोटाखालीही कर्सर थरथरतो. ही थरथर झाकायला फर्मवेअर (पॅडच्या आतलंच सॉफ्टवेअर) बारीक हालचाली गाळून टाकतं, आणि तिथून दुसरा त्रास सुरू होतो: बोट किंचित सरकवलं तर कर्सर ढिम्म हलत नाही, आणखी सरकवलं की एकदम चार-पाच पिक्सेल पुढे जातो.

हे तपासायला विंडोजमधला पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम उघडा. एका हाताच्या अंगठ्याने पॅडच्या खालच्या डाव्या भागात क्लिक दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा, एवढी सावकाश की ती पूर्ण व्हायला दहा सेकंद लागावेत. तिरप्या रेघेला पिक्सेलच्या पायऱ्या असणारच, पण त्या एकसारख्या असायला हव्यात. रेघ नागमोडी आली किंवा मध्येच सपाट होऊन पुन्हा वळली, तर गणित कच्चं आहे. मग बोट न उचलता त्याचं टोक फक्त जागच्या जागी कलतं करा. चांगल्या पॅडवर कर्सर एकेक पिक्सेल सरकतो. हीच चाचणी चारही कोपऱ्यांजवळ करा, कारण कडेला एका बाजूच्या पट्ट्या संपतात आणि हिशोब तिथेच आधी चुकतो.

रेघेची चाचणी एकदा बॅटरीवर आणि एकदा चार्जर लावून करावी, हे कृपया टाळू नका. चार्जरमधला गोंगाट किंवा नीट नसलेलं अर्थिंग यामुळे बॅटरीवर शहाण्यासारखा वागणारा पॅड चार्जिंगवर बिथरू शकतो. दुसऱ्या सॉकेटवर किंवा दुसऱ्या चार्जरवर तो सुधारला, तर दोष पॅडचा नाही.

आता खटका. बहुतेक पॅड वरच्या कडेला बिजागरासारखे अडकवलेले असतात आणि खालच्या कडेजवळ एक स्विच असतो. म्हणून खाली दाबायला हलकं, मध्यावर जड, आणि कीबोर्डलगतच्या पट्ट्यात जवळजवळ अशक्य. तरफेचाच नियम आहे, त्यामुळे या रचनेत तो पूर्ण टाळता येत नाही. फक्त किती उंचीपर्यंत क्लिक होतं ते पाहायचं. वरचा पाव भाग सोडून बाकी सगळीकडे क्लिक होत असेल तर मी तो पॅड चांगला म्हणेन. निम्म्यातच अडत असेल तर तेवढा मोठा पॅड देऊन उपयोग काय?

दुसरी जात हॅप्टिक पॅडची. यात पॅड खाली जातच नाही. दाब मोजणारे सेन्सर बोटाचा जोर ओळखतात आणि आतला छोटा विद्युतचुंबक किंवा मोटर धक्का देते. बोटाला वाटतं की बटण दाबलं गेलं. ॲपलने २०१५ मध्ये मॅकबुकवर हे आणलं, नंतर विंडोज लॅपटॉपवरही आलं. ओळखायची खूण सोपी: लॅपटॉप पूर्ण बंद करून पॅड दाबा. खटका आला तर स्विच आहे, नुसता काचेचा तुकडा दाबल्यासारखं वाटलं तर हॅप्टिक. याचा मोठा फायदा म्हणजे वरपासून खालपर्यंत सारखाच जोर लागतो. पण सगळे हॅप्टिक पॅड सारखे नसतात. धक्का उशिरा आला किंवा नुसता मोबाइलसारखा गुरगुरला, तर चांगला स्विचवाला पॅड त्यापेक्षा बरा. तुलना करताना सेटिंगमधली धक्क्याची तीव्रता मध्यावर ठेवा. काही ठिकाणी ती अगदी कमी करून ठेवलेली असते.

दोन्ही जातींना लागू पडणारी एक बारीक परीक्षा आहे. मजकुरातल्या दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर नेऊन क्लिक करा. दाबताना बोट चपटं होतं आणि स्पर्शाचा मध्यबिंदू सरकतो. जाणतं फर्मवेअर त्या क्षणी कर्सर रोखून धरतं. अडाणी फर्मवेअर त्याला शेजारच्या अक्षरावर नेतं. दहा वेळा करून पाहा. लेखन किंवा चित्रांचं काम करणाऱ्यांना याचा त्रास रोज होतो.

पृष्ठभाग काच असावा, हे माझं ठाम मत. प्लॅस्टिकवर सुरुवातीला बोट बरं फिरतं, पण काही काळाने मधोमध चकचकीत डाग पडतो आणि बोट तिथे अडखळू लागतं. एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकारात काच आणि खालच्या प्रकारात प्लॅस्टिक असंही असतं, तेव्हा परीक्षणात वाचलेला पॅड आणि हातात आलेला पॅड एकच आहे हे गृहीत धरू नका. सिनॅप्टिक्स, इलॅन अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅडही एकाच मॉडेलमध्ये येऊ शकतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची यादी) पॅडचा हार्डवेअर आयडी पाहिला की बहुधा निर्माता कळतो.

विंडोजवर प्रिसिजन टचपॅड हवाच. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून ही पद्धत आहे. यात बोटांच्या खुणांचा (जेश्चरचा) अर्थ निर्मात्याच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरऐवजी विंडोज स्वतः लावतं, म्हणून तीन-चार बोटांच्या खुणा आणि संवेदनशीलता सगळ्या लॅपटॉपवर सारख्याच सेटिंगमध्ये सापडतात. सेटिंगमध्ये टचपॅडच्या पानावर या खुणांचे पर्याय दिसले नाहीत, तर जुन्या पद्धतीचा पॅड असण्याची शक्यता मोठी.

आकाराबद्दल थोडंच. पॅड मोठा असला की टाइप करताना तळहात त्यावर टेकतो, आणि तो स्पर्श ओळखून वगळणं फर्मवेअरचं काम. दोन परिच्छेद नेहमीच्या वेगाने टाइप करा. कर्सर मध्येच दुसऱ्या ओळीत गेला तर संवेदनशीलता एक पायरी कमी करून पुन्हा पाहा. तरीही जात असेल तर तो लॅपटॉप नको. अंकांचा वेगळा कीपॅड असेल तर पॅड स्पेसबारच्या खाली मध्यभागी आहे की लॅपटॉपच्या मध्यभागी, तेही बघा. लॅपटॉपच्या मध्यभागी असलेल्यावर उजवा तळहात जास्त टेकतो.

वापरलेला लॅपटॉप घेत असाल तर या सगळ्याच्या आधी झाकण उघडून पॅड डोळ्याच्या पातळीवर आणा आणि त्यावर एखाद्या कार्डाची सरळ कड आडवी ठेवा. मध्ये फुगवटा दिसला, एक कोपरा वर आला असेल किंवा खटका अचानक घट्ट झाला असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी पॅड जोर लावून दाबून बघू नका, चार्जरही लावू नका. नुसती खडखड असेल तर घाबरायचं कारण नाही. काही मॉडेलांत पॅडखालचा छोटा स्क्रू जरा फिरवला की ती जाते.