आमची वाटचाल: खोक्यांचा कारखाना आणि खाडीवरचे पक्षी

भांडुप पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचे दोन गाळे आहेत. तिथे आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. औषधांचे, फरसाणाचे, नटबोल्टचे, आणि आंब्याच्या दिवसांत हापूसचे, बाजूला हवा खेळायला भोकं पाडलेले. 1982 चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझे वडील परळच्या एका गिरणीत पॅकिंग खात्यात होते. संप लांबला, गिरणी पुढे धड सुरू झालीच नाही. माल बांधायचा कसा, एवढी विद्या त्यांच्या हातात होती. तयार पुठ्ठा आणायचा, हाताने कापायचा, पायाच्या मशीनवर तारेने शिवायचा आणि हातगाडीवरून पोचवायचा, अशी आमची सुरुवात. पुढे सिंगल फेसर आला, म्हणजे सपाट कागदावर नागमोडी कागद चिकटवणारं मशीन, मग स्लॉटिंग, म्हणजे झडपांच्या खाचा पाडणारं, मग दोन रंगांची छपाई. मी बी.कॉम. झाल्यावर त्यांच्याबरोबर बसायला लागले. ते गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला.

या वाटचालीत दोन प्रसंग मोठे. पहिला 26 जुलै 2005 चा. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आमच्या गाळ्यात गुडघाभर पाणी होतं. जमिनीवर उभी केलेली कागदाची रिळं पाणी पिऊन फुगली. तेव्हापासून आमच्याकडे एकही रीळ जमिनीला टेकत नाही. दुसरा प्रसंग 2021 चा. चीनने 1 जानेवारीपासून रद्दी कागदाची आयात बंद केली, मग तिथल्या मिल्सना लागणारा लगदा आणि कागदाचे रोल आपल्याकडून जायला लागले, आणि इथे क्राफ्ट पेपरचे, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाचे, भाव चढत गेले. मिलवाला आठवड्याला नवा भाव सांगायचा आणि ग्राहक जुन्या भावावर अडून बसायचा. त्या दिवसांत मला रात्र रात्र झोप नसे.

आमच्या सोसायटीत महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर राहतात. रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून ते निघालेले दिसायचे. एकदा लिफ्टपाशी म्हणाले, “ताई, उद्या चला आमच्याबरोबर. पंपिंग स्टेशनला जातोय. चालणं तरी होईल.” गेले, आणि तेव्हापासून जाते आहे.

भांडुपचं पंपिंग स्टेशन पक्षी पाहणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. एका बाजूला मिठागरं, पुढे तिवरं, आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. या खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आमचे टेम्पो पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज याच खाडीजवळून जातात, पण तिथे हिवाळ्यात पक्ष्यांचं किती मोठं गाव वसतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्याच सकाळी उथळ पाण्यात एक पक्षी उभा होता. मी विचारलं, “सर, हा कोणता?”

“नाव राहू द्या. काय दिसतंय ते सांगा.”

“पाय खूप लांब.”

“रंग?”

“गुलाबी. चोच काळी, बारीक, सरळ.”

“करतोय काय?”

“पाण्यात चोच घालून काहीतरी वेचतोय. एकटा नाही, मागे आणखी आहेत.”

“किती?”

मोजले. सर म्हणाले, “आता वेळ, जागा आणि हे सगळं वहीत लिहा. नाव शेवटी.” तो शेकाट्या होता. नाव मी अर्थातच विसरले नाही, पण त्याहून जास्त मनात बसला तो क्रम. आधी दिसलं ते, मग त्याचा अर्थ. धंद्यात आपलं उलट असतं. ग्राहकाचा फोन आला की समोरचा काय म्हणणार आणि आपण काय उत्तर देणार हे आधी ठरलेलं असतं, आणि पाहायला कोणी जात नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका ग्राहकाची तक्रार आली. फिनेल आणि फरशी पुसायच्या लिक्विडच्या बाटल्या आमच्या खोक्यांतून जातात. भिवंडीच्या गोदामात खोके बसतायत, म्हणजे वरच्या भाराने दबतायत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या धंद्यात या तक्रारीचं ठरलेलं उत्तर आहे: कागद जाड करा किंवा पाच प्लायचे, म्हणजे थरांचे, सात प्लाय करा, आणि मग वाढलेल्या दरावरून महिनाभर ओढाताण. मी वही घेऊन भिवंडीला गेले. कुणाशी वाद न घालता थप्पी बघत बसले आणि सरांनी शिकवल्यासारखं लिहीत गेले. कोणत्या थराचा खोका बसला, कोणता कोपरा आधी गेला, भिंतीपासून थप्पी किती लांब, शेजारची थप्पी कशी आहे.

तासाभरात पान बोलायला लागलं. शटरजवळच्या थप्प्या सरळ, खोक्यावर खोका बरोबर बसवलेला. त्या ताठ उभ्या होत्या. आतल्या बाजूला हमालांनी थप्पी पडू नये म्हणून विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवून खोके रचले होते. बसलेले खोके तिथेच होते, आणि त्यातले बहुतेक खालच्या दोन थरांत, ओल आलेल्या भिंतीकडचे. माल एकाच लॉटचा, कागद एकाच मिलचा.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे चार उभे कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा आला की वजन सरळ खाली उतरतं. सांधे चुकवले की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या, कमजोर भागावर येतो. थप्पी दिसायला पक्की दिसते, पण खालचा खोका आपली बरीचशी ताकद गमावून बसलेला असतो. त्यात मुंबईचा पावसाळा. कागद हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि ओलावलेला पुठ्ठा सुक्या पुठ्ठ्याइतका भार कधीच पेलत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की जाड कागद घालूनही तक्रार फक्त महिनाभर पुढे ढकलली जाते.

आम्ही त्यांना लाकडी पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर आणि सरळ थप्पी एवढंच सुचवलं. थप्पी हलू नये म्हणून वरच्या थराभोवती पट्टी. खोका तोच राहिला, दर तोच राहिला, तक्रार थांबली. जाड खोका विकून त्या वर्षी चार पैसे जास्त मिळाले असते, हे खरं आहे. पण ग्राहकाचा पैसा वाचवणारं उत्तर आपल्याकडे असताना महागडं उत्तर विकणं मला पटत नाही, आणि वडिलांनाही पटलं नसतं. त्यांच्या आणखी दोन मालांचे खोके आता आमच्याकडून जातात.

सरांच्या आग्रहामुळे मी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, याद्या टाकायला लागले. यादी पाठवताना तिथे एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? हो म्हटलं की ती यादी पूर्ण धरली जाते. यातलं मर्म मला उशिरा उमगलं. यादी पूर्ण असेल तर तिच्यात जे नाही, तेही माहिती देतं. डिसेंबरात तासभर उभं राहून कुरव दिसला नाही, तर त्या न दिसण्यालाही किंमत आहे. फक्त दुर्मीळ, देखणे पक्षी लिहिले तर खाडीचं खरं चित्र कळत नाही.

आमच्या मशीनच्या रजिस्टरमध्ये तोवर फक्त बिघाड लिहिला जायचा. पट्टा तुटला, खळ घट्ट झाली, जोड सुटला. सुरळीत गेलेल्या दिवसाचं पान कोरं. मी सगळ्यांना सांगितलं, काही झालं नाही तरी लिहायचं: किती वाजता हीटर लावला, पहिलं रीळ किती वाजता चढवलं, खळ कुणी शिजवली, काय बिघडलं नाही. आमच्या सिंगल फेसरवर गेली कित्येक वर्षं एक मामा आहेत, मूळचे देवगडचे. त्यांना आधी हे लिखाणाचं काम रुचलं नाही. म्हणाले, “ताई, मशीन नीट चालली तर लिहायचं काय त्यात?” तरीही लिहीत राहिले.

पावसाळा संपेपर्यंत त्या पानांतून एक गोष्ट वर आली. सकाळच्या पहिल्या रिळाचा जोड ज्या दिवशी सुटत नाही, त्या बहुतेक दिवशी हीटर मामांनी स्वतः येऊन लावलेला असतो. ते पहिल्या लोकलने येतात आणि चहाच्या आधी हीटर लावतात. दुसरं कुणी असलं की हीटर आणि रीळ जवळपास एकत्रच सुरू होतं. नागमोडी रोलर पुरेसे तापलेले नसले की खळ नीट धरत नाही आणि कागद सुटतो. हे ज्ञान मामांच्या हातात इतकी वर्षं होतं. ते सांगायचं असतं हे त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि बिघाडाच्या रजिस्टरात ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या पाळीत बिघाड नव्हता. आता रोलर तापल्याशिवाय रीळ चढत नाही, कुणीही असो. वाया जाणारा कागद बघण्यासारखा कमी झाला. मामांचा पगार त्या दिवाळीला वाढवला, आणि तो का वाढवला हे सगळ्यांसमोर सांगितलं.

खाडीवर जायची वेळ भरती-ओहोटी ठरवते. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पसरतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसतो आणि पक्षी चरत चरत काठाकडे सरकतात. भरती पूर्ण झाली की उडून विसाव्याला जातात. म्हणून भरतीच्या दोनेक तास आधी पोचायचं. आमच्या गटातले एक कोळी काका तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराचा सुमार. मी तक्ता बघते, पण त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही.

यावरून मी ग्राहकांकडे जायची वेळ बदलली. आम्ही खोकेवाले सकाळी अकराला परचेसच्या टेबलासमोर बसतो. तिथे खोका फक्त दराच्या रूपात असतो. तो प्रत्यक्ष कामाला लागतो संध्याकाळी पाच-सहाला, डिस्पॅचच्या धक्क्यावर, गाडी लागलेली असताना. आता नवीन ग्राहकाकडे मी आधी परवानगी घेऊन त्या वेळेला जाते. पॅकिंगच्या बायका खोका उघडताना बोटं कुठे घालतात, टेप किती वापरतात, भरलेला खोका उचलताना कुठे धरतात, हे तिथेच कळतं. फरसाणाच्या एका कारखान्यात बायकांना खोक्याची वरची झडप दोनदा दुमडावी लागत होती, कारण क्रीझ, म्हणजे दुमडायची रेघ, उलट्या बाजूने पडली होती. परचेसवाल्या साहेबांना ते माहीत असायचं कारणच नाही. क्रीझ बदलायला आम्हाला खर्च शून्य.

सुगरणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. घरटं नर विणतो. तो आधी ते अर्धवटच विणतो आणि माद्यांना दाखवतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात, आणि एखादीने पसंत केलं की पुढचं काम पूर्ण होतं. पसंत नाही पडलं तर अर्धं तसंच राहतं आणि नर दुसरं सुरू करतो. पावसाळ्यात विहिरीवर, बाभळीवर ही अर्धी घरटी आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. आम्ही पूर्वी नवीन खोक्याचा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, आधीच करून घ्यायचो, कारण छापील नमुना ग्राहकाला आवडतो. आता साधा, कोरा खोका सुरीने कापून, हाताने शिवून नेतो, त्यांचाच माल त्यात भरतो, उचलायला लावतो. माप बदललं तर तिथल्या तिथे कापतो. पसंती झाली की मगच स्टिरिओ.

दुर्बिणीबद्दल थोडंसं. माझी 8×42 ची आहे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, आणि नवीन माणसाला मी तीच सुचवेन. जास्त ताकदीची घेतली की हात हलतो तसं चित्रही हलतं, आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. मशीनचंही तसंच. ऑटोमॅटिक प्लांट घ्या म्हणून मला दर वर्षी कुणी ना कुणी सांगतं. आमच्या ऑर्डरी लहान असतात, मापं रोज बदलतात. अशा कामाला आमची हातची मशीनं जास्त स्थिर चालतात, असं माझं आजचं मत आहे.

मे संपता संपता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. ती ऐकली की आम्ही कारखान्यात पावसाळ्याची तयारी सुरू करतो: रिळांवर प्लास्टिक, ओलावा मोजायच्या मीटरची तपासणी, खळीत पाण्याचं प्रमाण. या जूनपासून मोठ्या ग्राहकांच्या गोदामातल्या ओलाव्याची नोंदही आम्हीच दर पंधरा दिवसांनी घेणार आहोत, कुठलेही पैसे न घेता. मामांनी स्वतःहून भिवंडीची फेरी मागून घेतली आहे. येताना ते ऐरोलीच्या पुलावर थांबून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, अजून आहेत की गेले हेही बघून येणार आहेत, आणि वहीत लिहिणार आहेत.